अरुंद वळणावर

एल आल्तो, दुपारचे दोन.
सिप्रियानो चोकेवांका मशीनच्या खोबणीत हनुवटी टेकवतो.
"हिरव्या ठिपक्याकडे बघा," मी म्हणते.
"कुठला ठिपका?"

डाव्या डोळ्याला ठिपका आहे.
उजव्याला परवापासून नुसतं धुकं,
युंगासच्या उतारावर पहाटे असतं तसं,
ट्रकचे दोन्ही दिवे लावूनही रस्ता न दाखवणारं.

बटण दाबते. पडद्यावर त्याच्या डोळ्याचा तळ:
वरची एक शीर फुगून नागमोडी झालेली,
काठाकाठाने रक्त सांडलंय, ज्वाळांच्या जिभांसारखं,
आणि जिथे धमनी शिरेला ओलांडते
तिथे, बरोबर तिथेच, सगळं तुंबलेलं.

शेजारच्या खोलीतून आकडा येतो. अडुसष्ट.
शंभर भाग रक्तात अडुसष्ट भाग लाल पेशी.
मग वाहायला उरलं काय?

कसं सांगू याला.
इथे हवा विरळ. मूत्रपिंडाला वाटतं, कणगी रिकामी होत आली,
ते हाडांच्या पोकळीत निरोप धाडतं: आणखी पाठवा.
हाडं पाठवतात. चाळीस वर्षं पाठवताहेत.
एकही पेशी कामचुकार नाही.
प्रत्येकीने आपलं केंद्रसुद्धा टाकून दिलंय
जरा जास्त प्राणवायू मावावा म्हणून.
आपल्याहून बारीक नळीतून जाते अंग दुमडून,
एकशेवीस दिवस, ब्र न काढता.
फक्त आता त्या इतक्या झाल्यात
की नाण्यांसारख्या एकीवर एक चळतात
आणि भिंतीला धरून उभ्याच राहतात.

सिप्रियानो चांगल्या डोळ्याने फोटो बघत राहतो.
मग त्या फुलीवर बोट ठेवतो, काळं, डिझेलचं.
"ही जागा मला ठाऊक आहे.
एका अंगाला कडा, एका अंगाला दरी.
पुढचा एक अडला की मागे तीस ट्रक,
सगळे भरलेले, एकातही बिघाड नाही,
आणि केळी सडतात."

डॉक्टर तिकोना म्हणतात, खाली राहायला जा, रक्त उतरेल.
"खाली मी केळी आणायला जातो," तो म्हणतो.
बाकी काही म्हणत नाही.

मग दंडाला पट्टा, सुई, पिशवी.
काकवीसारखं सावकाश येतं.
"याचं काय करणार?"
जाळतो, मी सांगते.
त्याला ते पटत नाही.
बाटली उघडली तरी पहिला घोट जमिनीला देणारा माणूस.
"मला द्या. अंगणात ओततो. तिचंच आहे."
नियमात बसत नाही.
अति तिथे माती म्हणतात, आणि इथे
मातीलाच नाही म्हणायची पाळी माझ्यावर.

फाइलवर लिहिते: उजवा, सहा आठवड्यांनी पुन्हा.
बाहेर ट्रक उताराकडे तोंड करून उभा.
तो किल्ली खिशातून काढतो, थोडा वेळ हातात धरतो,
आणि मुलीच्या, एल्विराच्या, हातात देतो.
"वळणावर हॉर्न दे," एवढंच सांगतो,
आणि उजव्या बाजूला जाऊन बसतो.