हातचा

मार्लीसनं कॅलेंडरचं जानेवारीचं पान फाडलं,
पाठीमागे मधोमध रेघ मारली
आणि म्हणाली, हं, सांगा.

डावीकडे ते दूरचं, आठ तासांवरचं,
विटांचं, घंटाघराचं,
जिथं तळ्यांचा अभ्यास करून पदवी मिळते.
मला आधी थट्टाच वाटली होती.
तळ्याचं काय शिकायचं असतं?
ते असतं. गोठतं. सुटतं.
आयली म्हणाली, कधी सुटतं, बाबा?
मी म्हणालो, वसंतात.
ती म्हणाली, बघा, एवढंच माहितीये आपल्याला.

उजवीकडे आपलं जवळचं, पाऊण तासावरचं.
त्याच्याच रस्त्यावरचा बर्फ काढतो मी
हिवाळाभर, पहाटे चारला,
ट्रकच्या तोंडाला लोखंडी फाळ लावून.
तिथं नर्सिंग आहे, अकाउंटिंग आहे, जंगल कसं राखावं तेही आहे.
तळं नाही.
म्हणजे आहे, पार्किंगच्या मागे,
पण ते शिकवत नाहीत.

मार्लीस लाकडाच्या वखारीत बिलं लिहिते.
तिचे आकडे एकाखाली एक उभे राहतात, न ढकलता.
फी. खोली. जेवण. पुस्तकं.
पेट्रोल, वर्षाला चार खेपांचं.
वजा शिष्यवृत्ती,
वजा आयलीचे उन्हाळ्यातले आइस्क्रीमच्या गाडीवरचे पैसे.
डावीकडे उरले सव्वीस हजार चारशे,
उजवीकडे सहा हजार.
गुणिले चार, मार्लीस म्हणाली,
आणि पेन्सिल खाली ठेवली.

नऊ वर्षांचा टॉइवो तेवढा
खुर्चीवर गुडघे टेकून गुणत राहिला,
हातचा एक, हातचे दोन,
एक लाख पाच हजार सहाशे!
आणि शाबासकीसाठी
एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला.

मी पत्र लिहिलं होतं त्यांना, डावीकडच्यांना.
आयुष्यात पहिल्यांदा 'कृपया' तीनदा लिहिलं.
आपल्या परिस्थितीचा आम्ही आस्थेनं फेरविचार केला आहे,
असं म्हणून त्यांनी नऊशे वाढवले.
माझ्या ट्रकचे दोन टायर.
आस्थेचे.

रात्री पाणी प्यायला उठलो,
फ्रिजच्या उजेडात ते पान दिसलं.
डाव्या रकान्यात सगळ्यात खाली
आयलीचं बारीक अक्षर:
बाबांची बोट, सात हजार.
आणि त्यावर काट मारलेली,
इतकी दाबून
की कागदाला चीर गेली होती,
चिरेतून जानेवारीची एक तारीख दिसत होती.

बोटीचं मी कुणाला बोललो नव्हतो.
फक्त ओर्विलला, तेही पंपावर, इंजिन चालू ठेवून.
शनिवारी तो रोकड घेऊन येणार होता.
पण दोन हजार वस्तीचं गाव,
इथं माणूस मनात शिंकला तरी
समोरच्या घरातून 'काळजी घ्या' म्हणतात.

सकाळी ती घरात नव्हती.
तळ्यावर होती, किनाऱ्यापासून चाळीस पावलं,
हातातल्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडत.
दहाव्या वर्षापासूनचा तिचा उद्योग:
भोक, पट्टी, वही.
माझ्याच जुन्या कोटाच्या खिशात ती वही असते.

काय म्हणतंय, मी काठावरूनच ओरडलो.
पाच इंच, ती म्हणाली, खालून मऊ झालंय.
ओर्विलला सांगा, घाई करू नकोस.
अजून दहा दिवस तरी
बोटीला पाणी मिळत नाही.

उद्या मध्यरात्री मुदत संपते.
दोनशे डॉलर भरायचे, एकीकडे किंवा दुसरीकडे,
मग दुसरी बाजू आपोआप पुसली जाते.
विचारावं म्हणून मी एक पाय पुढे टाकला,
बर्फ पोटातून गुरगुरला.

तिथंच थांबा, बाबा,
आयली वर न बघता म्हणाली,
इथं माझ्यापुरतंच जाड आहे.

मग तिनं पट्टी पुसली, वहीत आकडा लिहिला,
आणि पुढचं भोक पाडायला
आणखी दहा पावलं आत गेली.
मी मोजली.