दोन बोटं माया

सेलूच्या स्टेशन रोडला, रसवंतीच्या मागं
माझं दुकान. एक मशीन, एक ट्यूबलाइट,
खिळ्याला टांगलेले खाकी कागद.
छाती चौतीस, कंबर तीस, मुंढा सोळा,
आणि त्याच्याच खाली, तिरकं:
दुपार इतकी की सावलीही भिंतीला टेकून बसली.
हे कुणाचं माप, तस्लीम विचारते.
तिला हुक-काजाचे ब्लाऊजमागं दहा रुपये मिळतात.
माझ्या ओळीचे किती, हे तिनं एकदाच विचारलं.

काही दिवस असे येतात
की पायडल मारायच्या आधीच ओळ येऊन बसलेली असते.
दोरा तुटत नाही. चहा उभ्यानंच पिते.
उधारी मागायची विसरते.
रात्री भाकरी थापताना हात असा चालतो
की पोरगं म्हणतं, माय, लॉटरी लागली का काय?
वाटतं, सगळं गाव झोपलंय
आणि मी उठवल्याशिवाय आता उजाडायचं नाही.

उजाडतं.
वही उघडते तर
ताटात राहिलेल्या पिठल्यागत
वर साल धरलेलं सगळं.

एका वर्षी पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत
काहीच आलं नाही.
परकर शिवले. परकराला काही लागत नाही,
सरळ शिवण आणि नाडीला वाट.
बाया म्हणाल्या, औंदा तुझं फिटिंग लै छान बसायलंय.

वत्सला गिरामला नांदेडात शाल मिळाली तेव्हा
मी फोन केला. लै आनंद झाला म्हणाले.
झालाही होता, अर्धा.
उरलेल्या अर्ध्यानं कौसल्याबाईंच्या कापडाच्या
दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या.
भरून दिलं.
माझ्या जळण्याचा दर तेव्हा कळला,
एक मीटर, चारशे रुपये.

एका संपादकांचं पोस्टकार्ड आलं:
भाषा बरी आहे, अनुभव तोकडा.
तोकडा म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये.
तोकड्याला खालून पट्टी जोडतात,
रंग जुळला तर दिसतही नाही.
मी जोडून पाहिली. दिसली.

हिंगोलीच्या संमेलनात माझा नंबर जेवणानंतर.
मांडवात खुर्च्या, एक पेंगणारे गृहस्थ,
आणि माइकची वायर गुंडाळणारा पोरगा.
तिसऱ्या कवितेला त्याचा हात थांबला.
मग वायर त्यानं तशीच खांद्यावर ठेवली
आणि मी संपवीपर्यंत उभा राहिला.
काही बोलला नाही. नाव विचारायचं राहिलं.
तेवढ्यावर मी दोन वर्षं काढली.

आणि ही गोष्ट परवाची.
मागच्या लग्नसराईत, लाइट गेलेली असताना
एक ओळ आली होती. कागद हाताशी नव्हता,
म्हणून कुणाच्याशा अस्तरावर खडूनं लिहिली,
उतरून घेऊ म्हटलं. लाइट आली, गर्दी आली,
ब्लाऊज शिवून गेलं.
महिनाभर आठवत राहिले.
चांगली होती ती ओळ.
हरवलेल्या ओळी सगळ्याच चांगल्या असतात,
तरी ती खरंच होती.

परवा मानवतची बाई ते ब्लाऊज घेऊन आली.
काखंत आवळायलंय, म्हणाली, सैल होईल का?
होईल, म्हटलं, आत माया सोडलेली असती.
शिवण उसवली.
दोनदा धुतलेलं कापड,
पण दुमडीच्या आत, जिथं पाणी नीट पोचत नाही,
निळसर दीड अक्षर.
एक 'न' असावा. पुढचं 'दी' होतं की 'को',
पुष्कळ वेळ उजेडात धरून बघितलं.

पोरीच्या हळदीत ही बाई
माझी ओळ काखेत घेऊन नाचली असणार,
घामानं ती थोडी थोडी पुसत गेली असणार.

दोन बोटं सैल केलं.
दीड अक्षर पुन्हा आत दाबून वरून टीप मारली.
पैसे घेतले नाहीत.
कामून हसायलीस, तस्लीमनं विचारलं,
मी म्हटलं, हुक लाव,
आणि खाकी कागदाची कोरी बाजू वर केली.