आठ मिलिमीटर

राळेचा वास ह्या गावात
कपड्यांना नाही, माणसांना येतो.
पाइनचा लगदा शिजताना जे काळं तेल सुटतं
ते ओउलूला आमच्या दारात येतं, टँकर भरभरून,
आणि आम्ही ते उंच कॉलममध्ये उकळतो
जवळजवळ निर्वातात,
कारण जास्त आच त्याला सोसत नाही.
काळवंडतं, फुटतं, वाया जातं.

म्हणून आत तबकं नाहीत.
पत्रे आहेत, पोस्टकार्डाहून पातळ, पन्हळी,
एकाला एक टेकून, चर उलटसुलट तिरपे,
आणि दर वीतभर उंचीला अख्खा थर
काटकोनात वळवलेला.
एका घनमीटरच्या पोटात अडीचशे चौरस मीटर,
म्हणजे टेनिसचं कोर्ट जवळजवळ,
घड्या घालून खोक्यात बसवलेलं.
वाफेला वर जायची मुभा, द्रवाला खाली यायची.
अडवणूक कुणाचीच नाही.
वाटेत भेटत राहा, एवढंच.

गेल्या ऑगस्टपासून ती भेटेनाशी झाली.
बारा टप्प्यांचा हिशेब सातावर आला,
राळेत तेल, तेलात राळ,
नमुन्याची बाटली चहासारखी तपकिरी.
मी आलेख काढले. दाब ठीक होता. तापमानं खोटं बोलत होती
किंवा खरं, आणि आम्हाला ते पटत नव्हतं.
तोल्वानेन म्हणाला, पॅकिंग गेलं, बदला.
कोटेशनमधला आकडा इतका लांब
की कागद आडवा धरावा लागला.

मार्चमध्ये प्लांट थांबवला. समुद्र अजून गोठलेला.
ताइस्तो क्युन्सिलेहतो मॅनहोलमधून आत गेला,
बासष्ट वर्षांचा, गुडघे कुरकुरत,
हवा तपासून, पट्टा दोनदा ओढून.
मी बाहेर दोर धरून.

पत्रे त्यानं पाहिलेच नाहीत.
त्यांच्या डोक्यावर वाटप करणारी पन्हाळी असते,
तळाला भोकं, सगळ्यांतून सारखी धार पडावी म्हणून.
तिच्यात पाणी सोडायला सांगितलं
आणि खाली वाकून बसून राहिला.
इथल्या माणसांचं बोलणंही
जरा निर्वातातच चालतं.

मग आतून एकच शब्द: "विनोस्सा."
कलंडलंय.

पूर्वेकडची भोकं धो धो,
पश्चिमेची ठिबकत, शेवटची तीन कोरडी ठाक.
पाणसळ लावली. आठ मिलिमीटर.
तेवढ्यावरून सगळा द्रव एका कडेला ओढला गेला,
भिंत धरून गुपचूप खाली उतरला,
आणि दुसऱ्या कडेनं वाफ वर गेली
कुणालाही न भेटता.
पत्रे शाबूत होते. चकचकीत. बेकार बसलेले.

खाली आल्यावर त्यानं हेल्मेट काढलं, म्हणाला,
माझा भाऊ सौनात असाच पाणी टाकायचा,
सगळं एकाच दगडावर.
तो दगड एकदा किंचाळायचा आणि गप्प व्हायचा.
बाकीचे लाल होऊन वाट बघत.
आई शेवटी त्याच्या हातातून पळी काढून घ्यायची.
मनगट हलवून दाखवलं त्यानं, कसं शिंपडायचं ते.
भावाचं पुढं काय झालं मी विचारलं नाही.

चार बोल्ट, सहा पातळ चकत्या, दीड दिवस.
माझा अहवाल चौदा पानांचा झाला.
त्यात ताइस्तोचं नाव नाही, साच्यात तशी जागा नाही.
आणखी एक गोष्ट नाही त्यात:
पातळी तपासल्याच्या कागदावर सही माझीच होती,
मागच्या जुलैतली, सुट्टीच्या आदल्या दिवशी,
वर न चढता केलेली.

एप्रिलात राळ फिकी उतरली.
बाटली खिडकीशी धरली तर पलीकडचा बर्फ दिसे.
मी ती वर्कशॉपमध्ये घेऊन गेले.
त्यानं झाकण उघडून वास घेतला, परत दिली.

"साइमी, वर शेवटचं कुणी पाहिलं होतं?"

"मी," म्हणाले. "म्हणजे, कुणीच नाही."

त्यानं मान हलवली, थर्मास उचलला
आणि दोन कपांत कॉफी ओतली.
माझ्या कपात जरा जास्त.