चिखल या शब्दाची तळटीप

रबाळ्याच्या कंपनीत मी औषधांबरोबरची चिठ्ठी
स्पॅनिशमध्ये उतरवते :
मळमळ, चक्कर, क्वचित तोंडाला कोरड.
तिथे एका शब्दाला एकच अर्थ लागतो,
नाहीतर पेरूत कुणाचा तरी हात सुजेल.

शनिवारी घणसोलीत,
हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये,
जिथे एरवी स्कॉलरशिपचे क्लास चालतात
आणि फळ्यावर लसावि पुसायचा राहून जातो,
आम्ही अकरा जण टँगो शिकतो.
अकरा. म्हणजे कुणीतरी एक कायम
बाकावर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत.

काय म्हणतोय गं तो? रुचिरा विचारते.
मी सांगते : परत आलाय. वीस वर्षांनी.
गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा खांब आहे,
आणि दिवा त्याला ओळखत नाही.
एवढ्यासाठी एवढं रडायचं?

मग मी समजावत बसते.
खांब म्हणजे शेवटचा साक्षीदार.
आगकाडी म्हणजे
जितका वेळ तिचा चेहरा दिसला तितका वेळ.
चाकू गाण्यात असतो, बाहेर निघत नाही,
निघाला तर गाणं संपेल.
तिथली टवाळ पोरं शब्द उलटे करायची,
टँगोचं गोटान,
आपण चकारात बोलायचो तसं,
पोलिसाला कळू नये, आईलाही.
आणि चिखल,
वस्तीच्या मूळ अवस्थेचं प्रतीक,
असं मी वहीत लिहिलंय, खाली रेघ मारून.

हसुराम मढवी कधी काही विचारत नाहीत.
साठी उलटलेली, पांढरा शर्ट,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर चार मजले, भाडेकरू.
आज बाकावरून म्हणाले,
चिकलाला तेंच्यात काय म्हन्तान?

बारो.

बारो, ते म्हणाले.
पुन्हा एकदा म्हणाले, हळू,
तोंडात मीठ किती आहे बघावं तसं.

मग उठले. हात पुढे केला.
माझ्या पाठीवर त्यांचा पंजा,
निवटी धरावी तसा :
आवळला तर निसटेल, सोडला तर निसटेल.

तीन महिने सर घसा फोडून सांगतायत
पाऊल उचलू नका, जमिनीला पुसत न्या,
वजन आधी, पाय मागून.
आमचे पाय आपले टाचा आपटत
लादीवर हिशेब करतात.

बाय, मढवी म्हणाले,
चिकलात पाय उचलाचा नाय.
एक पक्का झाल्याबिगर
दुसरा हालवाचा नाय.
घाय केलीस का रुतलीस.

आणि चालू लागले.
बांधावरून खाडीकडे,
ओहोटी लागलेली,
जिथे आता सेक्टरचा नंबर आहे आणि दंतवैद्य आहे.
गुडघ्यापर्यंत गार काहीतरी.
एका पायावर थांबणं,
खालून हो येईपर्यंत थांबणं,
मग दुसरा.
पेटी मागे श्वास भरत होती,
माझा श्वास तिच्या जरा मागे.

वहीतली ती ओळ मी मनातच खोडली.
तिच्या जागी काय लिहायचं, ते मात्र सुचलं नाही.

कडवं संपलं तेव्हा आम्ही फळ्यापाशी होतो,
माझ्या खांद्याला लसावि लागलेला.
आता फिना काय म्हन्तंय तो? त्यांनी विचारलं.
पहिल्यांदाच.

पुढच्या कडव्यात तो घरापर्यंत जातो,
कडी वाजवतो,
आणि दार उघडणारी बाई म्हणते,
इथे त्या नावाचं कुणी राहत नाही.

काही नाही, मी म्हटलं,
तेच, पुन्हा पहिल्यापासून.