गळलेलं अक्षर

अक्षरामागे दोन सू, पानं-पक्षी वेगळे.
माझा दर अल्सासमधल्या सगळ्या बाळंतिणींना पाठ.
तरी लाइब गुरांच्या बाजारातली सवय सोडेना,
घासाघीस करूनच गेला.

कापड हिंदेलच्या मागावरचं.
अळशी तिनेच भिजवली, कुटली, कातली.
आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी, बाळ यातच गुंडाळलेलं.
मग धुऊन, चार पट्ट्या कापून
टोकाला टोक शिवलं:
दोन पुरुष लांब, वीतभर रुंद,
तोराहच्या गुंडाळीला कमरपट्टा.
एका जोडापाशी फिकट डाग उरला होता.
तिथे मी डाळिंब भरलं.
डाग मी नेहमीच डाळिंबाखाली ठेवते.

उजवीकडून सुरुवात. गिमेल. रेश. वाव. नून.
पुढे बापाचं नाव, पुढे आशीर्वाद:
वाढो हा तोराहपर्यंत, लग्नाच्या छत्रापर्यंत, सत्कर्मांपर्यंत.

सकाळी लाइब बोट फिरवत वाचू लागला
आणि पहिल्याच शब्दाला अडला.
गेर्शोन तिथे नव्हता.
मधलं शिन गळलं होतं
आणि उरला होता गारोन,
म्हणजे पवित्र भाषेत
गळा. नुसता गळा.

उसवते, म्हटलं.
हिंदेल म्हणाली, नको,
अळशीचं कापड विसरत नाही,
पोराच्या नावात भोकं राहतील.

म्हणून रेशच्या सपाट छपरावर
मी काटक्यांचं घरटं घातलं
आणि घरट्यात, पिल्लांनी माना वर काढाव्यात तसं
तीन फाट्यांचं, पेराएवढं शिन.
करकोचे आमच्याकडे बसतातच असे,
चर्चवर, बेकरीवर, कुणाच्याही धुराड्यावर.
त्या अक्षराचे पैसे मी लावले नाहीत.
लाइबनेही विचारलं नाही.

तीन वर्षांचा गेर्शोन बापाच्या खांद्यावरून
कापड द्यायला सिनेगॉगात आला,
आणि द्यायची वेळ आली तसं
दोन्ही मुठींत आवळून
त्याने असा गळा काढला
की हौदावरच्या गाई हंबरल्या.
गाव तेव्हापासून त्याला गारोनच म्हणतं.

आज त्याला तेरा पूर्ण.
तोच पट्टा सोडून तोराह उलगडली आहे त्याच्यापुढे.
वर बायकांच्या जाळीमागे मी,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तिसऱ्या ओळीला त्याचा कंठ फुटतो:
अर्धा शब्द पोराचा,
अर्धा कुणा परक्या माणसाचा.
खाली हसू पसरतं.
हिंदेल माझा हात दाबते, कानाशी येते,
तिन्ही पिल्लं आहेत ना गं अजून?

आहेत, म्हणते मी.
मला तर टेबलसुद्धा दिसत नाही.