माशी

लोर्ना हॉगन आली तेव्हा डिलनमध्ये वारा होता,
म्हणजे नेहमीचाच.
दाराची घंटा दार लागल्यावरही वाजत राहिली.
पिठाच्या पिशवीत गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवून
ती म्हणाली, आर्विडचं. आता माझं.
पंचवीस यार्डांवर सात इंच खाली मारतं,
शिवाय दोन इंच डावीकडे.
एकतर ते चुकतंय, नाहीतर मी.

मी आधी तिलाच मारायला लावलं, मागच्या आवारात,
वाळूच्या पोत्यावर मनगटं टेकवून.
पाच गोळ्या. दर वेळी अंगठ्यानं घोडा ओढायचा,
चार टिचक्या ऐकायच्या, मगच चाप.
या जातीच्या हत्याराला घाई कळत नाही.
पाचही भोकं एका बशीखाली झाकली असती:
खाली, डावीकडे, पण एकत्र.
तुम्ही चुकत नाही, मी म्हटलं.

मग माशी कुठे शिंकली ते शोधायचं.
हा विनोद मला माँटानात कुणाला सांगता येत नाही.
नळीच्या टोकावरच्या पोलादी पात्याला आम्ही माशी म्हणतो,
एवढं समजावलं तरी शिंक उरतेच.

भिंगाखाली दिसलं:
पात्याच्या माथ्यावर एक फिकट पट्टी, डाक देऊन बसवलेली.
जुन्या चांदीच्या डाइमचा तुकडा.
नाण्याच्या कडेचे दाते एका बाजूला अजून शाबूत.
आर्विडची नजर शेवटी शेवटी अधू झाली होती, ती म्हणाली.
माशी खाचेच्या वर तरंगत राहायची,
गोळ्या डब्यांच्या डोक्यावरून थेट टेकडीत.
त्यानं चष्मा केला नाही.
नाणं कापलं.

आमच्या धंद्यात सगळं उलटं:
गोळी वर न्यायची तर माशी उतरवायची,
गोळी उजवीकडे, तर माशी डावीकडे.
नळी केसभर आवळली,
डाव्या-उजव्याचं भांडण त्यातच मिटलं, जवळजवळ.
मुठीला तिच्या परसातल्या पडलेल्या सफरचंदाचं लाकूड,
तिच्या तळव्याच्या मापाचं, करंगळीला जागा ठेवून.
घोड्याची शेपटी जराशी खाली घेतली,
कारण तिचा अंगठा आखूड, आणि सांधा थंडीत रडतो.
हे सगळं आठवड्यात झालं. माशी राहिली.

साताऱ्याच्या टूलरूममध्ये तुपे मिस्त्री म्हणायचे,
गुळवणी, कानस घेते, देत नाही.
दोन हात मार, मग माप.
मापलंस? परत माप.

दोन हात. मग आवारात, ती आणि तीन गोळ्या.
परत दोन हात.
सहा इंच. चार. अडीच.
मध्ये कॉफी झाली, मध्ये तिनं मेंढ्यांच्या डॉक्टरला फोन केला.
चांदीची पूड बाकावर साचत गेली.
एका माणसाचं न दिसणं
सव्वा मिलिमीटर जाड होतं.

ठेवू का ही, मी विचारलं. डबीत वगैरे.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आता अधू झालोय.
कशाला?
आणि हातानंच बाक झाडला, पँटला तळवे पुसले.
कानशीच्या दातांत थोडी अडकली.
ती ब्रशनं निघत नाही.

शेवटच्या पाच गोळ्या:
बशी बरोबर काळ्या वर्तुळावर बसली,
फक्त अर्धा इंच डावीकडे.
तेवढंही काढतो, मी म्हटलं, नळी परत एकदा—
राहू द्या, ती म्हणाली.
तेवढं मी लक्षात ठेवीन.

दोनशे चाळीस डॉलर आणि एक डझन अंडी.
ती गेल्यावर घंटा बराच वेळ.
एक अंडं तडकलेलं निघालं,
रात्री तेच खाल्लं.