तीन नंबर

पहिल्या आवृत्तीत तो देव होता.
चेंडू कुठे पडणार, किती उसळणार,
सगळं त्याला आधीच ठाऊक,
आणि तिथे तो येऊन उभा.
निमिष दोन मॅच खेळला, कंट्रोलर टेबलावर ठेवला,
म्हणाला, "भिंतीशी खेळल्यासारखं वाटतं, ताई.
भिंतीला तरी कुठेतरी ओल असते."

मग मी त्याला चुकायला शिकवलं.
शंभरात सात वेळा पाय घसरेल,
शंभरात चार वेळा पास भलतीकडे.
फासे टाकून ठरवलेल्या चुका.
समोर कुणी नसताना तो धडपडायचा
आणि तिघांच्या गराड्यातून अलगद निघून जायचा.
माणूस असा चुकत नाही.
माणसाच्या चुकीच्या मागे काहीतरी घडलेलं असतं,
आणि बाणेरच्या आठव्या मजल्यावरून
ते दिसत नव्हतं.

रविवारी स्कूटर काढली.
ब्रेमेन चौक, रेंजहिल्सची झाडं, खडकी.
मैदानाला गवत फक्त कॉर्नरला,
जिथे कुणी फारसं पोचत नाही.
लेफ्ट बॅक सेल्वराज, बेचाळीस पूर्ण,
दारूगोळा कारखान्यात फिटर,
पाठीवर तीनचा आकडा, धुऊन धुऊन आठसारखा झालेला.
मी रेषेबाहेर वही घेऊन बसले.
पोरांना वाटलं, पेपरवाली.

चेंडू यायच्या आधी दोनदा मागे बघतो.
गोल खाल्ला की पाच मिनिटं उगीच पुढे पुढे जातो,
कुणाला तरी काहीतरी दाखवायचं असल्यासारखा.
विंगरवर अँसेल्म म्हणून कोवळा पोरगा होता,
त्याने नाचवता नाचवता चेंडू घालवला.
त्यानंतर अकरा मिनिटं सेल्वराजने त्याला पास दिला नाही.
मी घड्याळ लावलं होतं.
पोरगा हात वर करून करून थकला.
बाराव्या मिनिटाला दिला,
तोंडाने एक शब्द नाही, नीट पायात.

उत्तरार्धात तो लेस बांधायला वाकला.
लेस सुटलेली नव्हती.

सोमवारी कोडमध्ये एक आकडा वाढवला,
शून्य ते एक, नाव दिलं रुसवा.
वरून विचारणा झाली, हे काय नाव, इंग्रजीत लिहा.
म्हटलं, तुम्हीच सुचवा.
आठवडाभर कुणी काही सुचवलं नाही.
तो दर मिनिटाला थोडा थोडा उतरतो,
पण अगदी शून्यावर कधी येत नाही.
हे मी मुद्दाम ठेवलं की हिशेबात राहून गेलं,
आता मलाही सांगता यायचं नाही.

गुरुवारी रात्री निमिष पलीकडून ओरडला,
"ताई, हा तीन नंबर माझ्यावर चिडलाय का?"
मी नुकता डबा उघडला होता.
भेंडी तशीच राहिली.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन गेले.
सेल्वराज गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून
पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता.
स्कूटरच्या सीटवर स्क्रीन ठेवला, हाताची सावली केली.
मी सांगितलं नाही कोण आहे ते.
तो बघत राहिला. काही ओळखल्यासारखं दिसलं नाही.
"याच्या बुटाला लेसच नाही,
मग बांधतोय काय हा येडा?"
पोरं हसली, मीही.
बुटांचं काम दुसऱ्या टीमकडे होतं.

मग तो हसायचा थांबला.
डाव्या बाजूने कुणीतरी पळालं होतं,
तीन नंबरने मान वळवली, दोन पावलं टाकली,
आणि तिसरं टाकावं की नाही
या विचारात क्षणभर तसाच राहिला.

"काढ याला बाहेर," सेल्वराज म्हणाला.
"दमलाय तो. दिसत नाही का तुला?"

मी कीबोर्डकडे बघितलं.
बदली खेळाडूचं बटण
आम्ही अजून केलंच नव्हतं.